एक्सवर नवीन आहात? पहिला महिना ऐकण्यात घालवा

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, नवीन आलेला माणूस बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातो. खातं उघडल्या उघडल्या पहिली पोस्ट टाकतो. तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मग पेटलेला एखादा वाद दिसतो, त्यात शिरून तो दोन वाक्यं सुनावतो. आठवड्याभरात त्याच्या पडद्यावर भांडणांशिवाय काही उरत नाही आणि "इथे काही अर्थ नाही" म्हणून तो ॲप काढून टाकतो.

मीही याच वाटेनं गेले होते. पुन्हा आले तेव्हा क्रम उलटा केला: आधी नुसतं वाचायचं, मग उत्तरं द्यायची आणि स्वतःचं लिहिणं सगळ्यात शेवटी. तोच क्रम इथे सविस्तर देतेय. उदाहरणासाठी आकाशनिरीक्षण हा विषय घेतलाय. तुम्ही तिथे शेती, संगीत, प्रोग्रामिंग, काहीही धरा.

खातं उघडल्यावरचा पहिला अर्धा तास

हँडल, म्हणजे @ या चिन्हानंतर येणारं खात्याचं नाव, रोमन लिपीतच घ्यावं लागतं, तेही जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. त्यात आकडे आणि अंडरस्कोर चालतात. त्याच्या वर दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं. ओळख लिहायला १६० अक्षरं मिळतात. तिथे सुविचार घालू नका, कशाबद्दल वाचता आणि बोलता ते लिहा. "दुर्बिणीतून ग्रह-तारे बघते, चंद्राचे फोटो काढते" एवढं पुरतं. कुणी फॉलो करायचं ठरवतं ते याच ओळीवरून.

सुरक्षेचं काम आजच उरका. सेटिंगमध्ये 'टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन', म्हणजे पासवर्डाबरोबर आणखी एक कोड मागणारी सोय, शोधा. मार्च २०२३ पासून एसएमएसवर येणारा कोड फक्त पैसे भरणाऱ्या खात्यांना मिळतो, पण ऑथेंटिकेटर ॲपचा (फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपचा) पर्याय मोफत आहे आणि एसएमएसपेक्षा सुरक्षितही आहे. ॲप जोडताना मिळणारा बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा. फोन हरवला की तोच कामाला येतो.

प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. फोन नंबरावरून किंवा ईमेलवरून कुणालाही तुम्हाला शोधता येतंय का, फोटोत कुणीही तुम्हाला टॅग करू शकतं का, आणि अनोळखी माणूस थेट मेसेज पाठवू शकतो का. तिन्ही बंद करून सुरुवात करा, नंतर हवं तर उघडा. फोनमधले संपर्क अपलोड करायला सांगितलं तर नको म्हणा. तुमच्या यादीतल्या माणसांनी त्याला होकार दिलेला नसतो.

पडद्यावर काय येतं, ते कोण ठरवतं

हा भाग सावकाश वाचा, पुढच्या सगळ्या सवयी यावरच उभ्या आहेत.

मुख्य पानावर दोन टॅब दिसतात. 'फॉलोइंग'मध्ये तुम्ही निवडलेली माणसं असतात. 'फॉर यू'मध्ये यंत्रणेनं तुमच्यासाठी निवडलेला माल असतो. कंपनीनं मार्च २०२३ मध्ये या निवडयंत्रणेचा बराचसा कोड सर्वांसाठी खुला केला. तेव्हाच्या माहितीप्रमाणे कोट्यवधी पोस्टमधून साधारण १५०० वेचल्या जात. सरासरी निम्म्या तुम्ही फॉलो करता त्यांच्या, निम्म्या अनोळखी लोकांच्या. मग प्रत्येक पोस्टबाबत अंदाज बांधला जाई: हा माणूस ती लाइक करेल का, रिपोस्ट करेल (म्हणजे आपल्या फॉलोअर्सना पुढे पाठवेल) का, तिला उत्तर देईल का? प्रत्येक शक्यतेला एक वजन दिलेलं होतं आणि सगळ्यांची बेरीज करून क्रम लागत असे.

ती वजनं बघण्यासारखी आहेत. लाइकला ०.५, रिपोस्टला १, उत्तराला १३.५. तुम्ही उत्तर दिलं आणि मूळ लेखकानं त्या उत्तराची दखल घेतली, तर थेट ७५. उलट 'अशा पोस्ट कमी दाखवा' छापाच्या नापसंतीला उणे ७४ आणि तक्रारीला उणे ३६९. त्यानंतर यंत्रणा बदलत गेली आहे, त्यामुळे हे आकडे पाठ करायची गरज नाही. त्यांतून कळते ती गोष्ट मोलाची: तुमच्या उत्तरामागे राग आहे की आवड, हे या यादीला कळत नव्हतं. चिडून दिलेलं उत्तरही शेवटी उत्तरच.

म्हणजे ज्या पोस्टनं डोकं फिरतं तिला "किती मूर्खपणा आहे हा" असं उत्तर देणं म्हणजे तसल्याच आणखी दहा पोस्ट मागवणं. तिथे तीन टिंबांवर बोट ठेवून 'नॉट इंटरेस्टेड' निवडा आणि पुढे सरका. पहिल्या पंधरा दिवसांत हे जितक्या नेमानं कराल तितका पुढचा त्रास वाचेल.

आणि रोज ॲप उघडलं की आधी 'फॉलोइंग' टॅबवर जा. तिथे क्रम निवडायचा पर्याय दिसला तर सगळ्यात नवीन पोस्ट वर येतील असा ठेवा. 'फॉर यू' वाईट आहे असं मी म्हणत नाही. नवी माणसं तिथेच सापडतात. पण ते हाताशी वेळ असताना फिरायला जाण्याचं ठिकाण आहे, राहण्याचं नव्हे.

कुणाला फॉलो करायचं

खातं उघडताना ॲप पाचपन्नास प्रसिद्ध नावं पुढे करतं. ती सगळी वगळा. पहिल्या महिन्यात तीस ते चाळीस खाती पुरेत, पण प्रत्येक स्वतः बघून घेतलेलं हवं.

सुरुवात एका खात्यापासून करा. आकाशाचा विषय असेल तर नासा किंवा युरोपियन स्पेस एजन्सी चालेल. पण खरा खजिना संस्थेच्या पोस्टखाली असतो. चांगल्या पोस्टखालची उत्तरं वाचत गेलात की दोन-तीन माणसं वारंवार दिसतात, जी विचारपूर्वक प्रश्न विचारतात किंवा चूक सभ्यपणे दाखवतात. त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन 'रिप्लाइज' हा टॅब उघडा. माणूस इतरांशी कसा बोलतो ते तिथे उघड दिसतं. स्वतःच्या पोस्टमध्ये सगळेच शहाणे असतात. माणसाची पारख उत्तरांत होते.

नावापुढच्या निळ्या टिक-खुणेवर जाऊ नका. पूर्वी ती ओळख तपासून मोफत दिली जायची. एप्रिल २०२३ मध्ये त्या जुन्या टिका काढून घेतल्या गेल्या आणि आता ती मुख्यतः पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना राखाडी टिक असते. त्याऐवजी खातं कधी उघडलं तो महिना आणि वर्ष प्रोफाइलवर बघा. दहा वर्षं एकाच विषयावर लिहिणारा आणि गेल्या महिन्यात उगवून दिवसाला शंभर पोस्ट टाकणारा यांतला फरक तेवढ्यानं कळतो.

एखाद्याचं लिहिणं आवडतं पण तो दिवसभर इतरांचं रिपोस्ट करत बसतो, असं होतंच. त्याच्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत फक्त रिपोस्ट बंद करायची सोय आहे. ती बऱ्याच जुन्या वापरणाऱ्यांनाही माहीत नसते.

याद्या: इथली सगळ्यात दुर्लक्षित सोय

मला एकच सवय सुचवायची मुभा असती तर मी याद्यांची सुचवली असती. 'लिस्ट' ही सोय २००९ पासून आहे. एक यादी करायची, तिला नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'आकाश', आणि त्या विषयावरची माणसं तीत टाकायची. यादी उघडली की फक्त त्यांच्याच पोस्ट दिसतात. त्यांना फॉलो करणंही गरजेचं नसतं. यादी खासगी ठेवली तर तीत कोण आहे ते त्यांना किंवा इतरांना कळत नाही. सार्वजनिक ठेवली तर मात्र टाकलेल्या माणसाला सूचना जाते.

अशा पाच याद्यांपर्यंत मुख्य पानाच्या वर पिन करता येतात, मग त्या टॅबसारख्या दिसतात. मी सकाळी फक्त 'आकाश' उघडते. पंधरा-वीस माणसं, दहा मिनिटं, आणि शेवटची वाचलेली पोस्ट आली की थांबायचं. पडदा कितीही ओढला तरी संपत नाही ही या ॲपची मोठी अडचण आहे. मोजक्या माणसांची यादी मात्र कालच्या जागी येऊन संपते.

दुसऱ्यांनी केलेल्या सार्वजनिक याद्याही उघडता येतात. चांगला माणूस सापडला की त्यानं काही याद्या केल्यात का ते बघा. कुणीतरी तीन-चार वर्षं निवडून जमवलेली माणसं एका झटक्यात हाती लागतात.

नको ते दाराबाहेर

म्यूट आणि ब्लॉक यांत नवीन माणसाचा गोंधळ होतो. म्यूट केलं की त्या माणसाच्या पोस्ट तुम्हाला दिसत नाहीत आणि त्याला ते कळतही नाही. ओळखीतल्या, पण न झेपणाऱ्या माणसासाठी हे बरं. ब्लॉक केलं की तो तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही, फॉलो करू शकत नाही. मात्र नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेल्यालाही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचता येतात, हे लक्षात ठेवून लिहा.

शब्दही म्यूट करता येतात: २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायमचे. शब्द टाकला की त्याचा हॅशटॅगही दिसेनासा होतो. मराठीत मात्र इथे एक खाच आहे. आपले शब्द विभक्तीनुसार रूप बदलतात. 'निवडणूक' म्यूट केलं तरी 'निवडणुकीत' आणि 'निवडणुका' सुटतात. म्हणून दोन-तीन ठळक रूपं आणि रोमन लिपीतलं एखादं स्पेलिंगही टाका. एखादा विषय डोक्याला त्रास देत असेल तर तो सात दिवसांसाठी बंद करा. मुदत संपली की तो शब्द आपोआप मोकळा होतो, त्यामुळे विषय कायमचा सुटण्याची भीती नाही.

कुणीतरी तुम्हाला भलत्याच वादात टॅग केलं तर त्या पोस्टच्या तीन टिंबांत संभाषणातून बाहेर पडायची सोय आहे. निरोप न घेता निघा.

शोधायला शिका

वरच्या चौकोनात शब्द टाकला की आधी गाजलेल्या पोस्ट येतात. नवीन काय चाललंय ते बघायचं तर 'लेटेस्ट'वर जा. खरं हत्यार मात्र 'अॅडव्हान्स्ड सर्च' आहे. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये शोध घेतल्यावर बाजूला त्याची लिंक मिळते. त्यात नेमका वाक्प्रचार, नको असलेले शब्द, भाषा, कुणी लिहिलं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किमान किती लाइक, असं सगळं भरता येतं. भाषेच्या यादीत मराठी आहे.

एक प्रयोग करून बघा. ८ एप्रिल २०२४ ला उत्तर अमेरिकेतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. तारखांच्या रकान्यांत ७ ते १० एप्रिल घाला, ग्रहणाचा इंग्रजी शब्द टाका आणि तुमच्या यादीतल्या एखाद्या छायाचित्रकाराचं हँडल भरा. त्या माणसानं त्या तीन दिवसांत काय लिहिलं होतं, कोणती तयारी केली होती, काय फसलं, ते सगळं एका जागी मिळेल. एरवी हे वाचायला शेकडो पोस्ट मागे जावं लागलं असतं.

मराठीत शोधताना पुन्हा तीच विभक्तीची गोष्ट. 'यांपैकी कोणताही शब्द' या रकान्यात 'ग्रहण', 'ग्रहणाचा', 'ग्रहणात' अशी रूपं एकत्र टाका.

उत्तर देणं

दोनेक आठवडे वाचून झाले की बोलायला सुरुवात करा, पण दुसऱ्याच्या अंगणात. नव्या खात्यावरची तुमची पोस्ट कुणाला दिसत नाही. तुमचं चांगलं उत्तर मात्र त्या पोस्टखाली येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

चांगलं उत्तर म्हणजे काय? समजा कुणी चंद्राचा फोटो टाकलाय. "सुंदर!" लिहिलंत तर लेखकाला बरं वाटेल, पण संभाषण तिथेच संपेल. त्याऐवजी असं लिहून बघा: "अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात म्हणून विवरं उठून दिसतात, पौर्णिमेला सपाट वाटतात. हा फोटो कोणत्या तिथीचा?" इथे तुम्ही फोटो नीट बघितल्याचं कळतं, वाचणाऱ्याला माहिती मिळते आणि लेखकाला उत्तर द्यायला जागा राहते. माझ्या इथल्या निम्म्या ओळखी अशा एकेका प्रश्नातून झाल्या.

चूक दाखवायची असेल तर आधी लेखकानं खाली स्वतःच दुरुस्ती केली आहे का ते बघा. पुष्कळदा केलेली असते. नसेल तर मुद्द्यापुरतं लिहा. कोट करून, म्हणजे त्याची पोस्ट आपल्या शब्दांसह पुढे टाकून, आपल्या लोकांसमोर एखाद्याला उघडं पाडणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात, पण त्या माणसाशी पुन्हा कधी बोलता येत नाही. मी कोट फक्त भर घालायला वापरते. विरोध करायचा तर खाली, त्याच्याशीच.

दुसऱ्या उत्तरानंतरही समोरचा ऐकत नसेल तर थांबा. तिसरं उत्तर त्याच्यासाठी नसतं, बघ्यांसाठी असतं.

जून २०२४ पासून तुम्ही काय लाइक करता ते इतरांना दिसत नाही, फक्त त्या पोस्टच्या लेखकाला दिसतं. उत्तरं मात्र सगळ्यांना दिसतात. नवीन माणूस तुमच्या प्रोफाइलवर येऊन तोच 'रिप्लाइज' टॅब उघडेल, जो तुम्ही इतरांच्या प्रोफाइलवर उघडलात.

आता स्वतःचं लिहा

ट्विटर २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा मर्यादा १४० अक्षरांची होती, कारण एसएमएस १६० चा असे आणि २० अक्षरं वापरणाऱ्याच्या नावासाठी राखलेली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती २८० झाली. मराठीत लिहिणाऱ्यानं ही मोजणी समजून घ्यायला हवी. कानामात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो १५ खातो. म्हणजे एका पोस्टमध्ये साधारण चाळीसेक शब्द बसतात. लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते आणि साधा इमोजी २.

चाळीस शब्दांत एकच गोष्ट नीट सांगता येते, तेव्हा एकच सांगा. "आज गुरू पाहिला, छान वाटलं" यापेक्षा "आज साध्या द्विनेत्रीतून गुरूचे तीन चंद्र दिसले. कोपर भिंतीला टेकवलं तेव्हा हात स्थिर झाला" ही पोस्ट कुणाच्या तरी उपयोगी पडते. जास्त सांगायचं असेल तर अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून पोस्टखाली पोस्ट जोडत थ्रेड करा. पहिल्या पोस्टमध्येच विषय कळू द्या. "एक भन्नाट गोष्ट सांगतो" असल्या आमिषांनी चांगले वाचक दूर जातात.

फोटो टाकलात तर त्याचं वर्णन लिहायची जागा असते, तिला 'ऑल्ट' म्हणतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला तेच वाचून दाखवलं जातं. "चंद्र" एवढं लिहू नका. "अर्धा चंद्र, डावीकडची कड अंधारात, मधोमध विवरांची रांग" असं लिहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते टाळायला मला तरी कोणतंही कारण पटत नाही.

हॅशटॅग एक किंवा दोन. त्यात मोकळी जागा किंवा आडवी रेघ (-) आली की तो तिथेच तुटतो. मोफत खात्यावर पोस्ट टाकल्यावर दुरुस्त करता येत नाही, काढून पुन्हा टाकावी लागते. म्हणून पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा.

रिपोस्ट करण्याआधी

प्रत्येक ग्रहणाच्या सुमारास एक व्हिडिओ फिरतो: उत्तर ध्रुवावर अवाढव्य चंद्र उगवतो, क्षणभर सूर्याला झाकतो आणि मावळतो. तो संगणकावर बनवलेला आहे. खरा चंद्र आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, हात लांब करून धरलेल्या करंगळीमागे तो सहज झाकला जातो. ओळखीच्या, शिकलेल्या माणसांनीही तो व्हिडिओ पुढे ढकललेला मी पाहिलाय. थक्क करणारी किंवा संताप आणणारी पोस्ट दिसली की बोट आवरा, लिंक असेल तर उघडून वाचा, फोटो असेल तर तो गूगलच्या फोटोशोधात टाकून आधी कधी आला होता ते बघा.

काही पोस्टखाली 'कम्युनिटी नोट' दिसते. ही योजना जानेवारी २०२१ मध्ये 'बर्डवॉच' नावानं सुरू झाली. एरवी ज्यांची मतं जुळत नाहीत अशा सदस्यांनीही टीप उपयुक्त ठरवली तरच ती सर्वांना दिसते. त्यामुळे ती वाचण्याजोगी असते, पण यायला वेळ लागतो. टीप नाही म्हणजे पोस्ट खरी, असं समजू नका.

वेळ आणि आवराआवर

नोटिफिकेशन बंद करा. फक्त कुणी तुम्हाला उत्तर दिलं किंवा तुमचा उल्लेख केला तरच सूचना यावी, एवढं ठेवा. वाचायच्या दोन वेळा ठरवा. मी झोपण्याआधीची वेळ कटाक्षानं टाळते, कारण त्या वेळी कुठलाही वाद असतो त्याहून मोठा वाटतो.

लांब लेख किंवा थ्रेड समोर आला तर तिथेच वाचत बसण्याऐवजी बुकमार्क करा. बुकमार्क कुणी केलं ते इतरांना दिसत नाही. रविवारी ते सगळे उघडायचे, वाचायचे, कामाचं वहीत उतरवायचं आणि बुकमार्क रिकामे करायचे. दोन रविवार टाळलेली गोष्ट न वाचताच काढून टाका.

महिन्यातून एकदा फॉलो केलेल्यांची यादी वरपासून खालपर्यंत बघा. एखादं नाव वाचून कपाळाला आठी पडली तर त्याला काढा. एखादं नाव आठवतच नसेल तर त्याच्या शेवटच्या पाच पोस्ट बघून ठरवा. म्यूट केलेल्या शब्दांतले आता नको असलेले मोकळे करा. सेटिंगमधून तुमच्या सगळ्या पोस्टची प्रतही मागवता येते. मागणी नोंदवल्यावर ती तयार व्हायला वेळ लागतो, तेव्हा वर्षातून एकदा निवांत दिवशी मागवा आणि उतरवून संगणकावर ठेवा.